लोकांच्या सल्ल्याने

ज्या गावात मी आठ वर्षं सचिव होतो, तिथल्या राजांना बोलायची बंदी होती. ती त्यांची त्यांनीच स्वतःवर घालून घेतली होती.

सचिव म्हणजे ग्रामसेवक. सरकार आमच्या पदाचं नाव अधूनमधून बदलत असतं, पण सालेकसा तालुक्यात माणूस पंचायतीच्या खुर्चीवर बसला की तो सचिव. आणि राजा म्हणजे राजाच. दरेकशाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं ते गाव आणि आजूबाजूच्या जंगलातले काही टोले, म्हणजे पाडे, यांची जमीनदारी एकेकाळी त्यांच्या घराण्याकडे होती. ती गेली तेव्हा हे शाळेत जात होते. जमीनदारी कायद्यानं गेली, पण लोकांच्या तोंडातून 'राजे' काही गेलं नाही. गोंडांचं गाव, माणसं जुनी आणि सवयी त्याहून जुन्या. दुसरा कोणी असता तर या एका हाकेच्या जोरावर त्यानं निदान जिल्हा परिषद तरी गाठली असती. यांनी भलतंच केलं. लोक राजा म्हणतात तर म्हणोत, पण आपण राजा राहायचं ते घटनेखालचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

तरुणपणी ते नागपूरला वकिली शिकायला गेले होते. दोन वर्षं काढली, परीक्षेत आपटले आणि परत आले. येताना एवढंच घेऊन आले की जगात असे काही देश आहेत जिथं राजा असतो, पण तो आपल्या मनानं काहीच करत नाही. लोकांनी निवडलेली माणसं सांगतात आणि तो सही करतो. "बाकीचा कायदा डोक्यावरून गेला जी," ते मला एकदा म्हणाले, "पन हे एक डोक्यात बसलं तं निघालंच नाई."

ग्रामसभेला ते सर्वांत आधी येत. सतरंजीच्या बाहेर, खांबाला टेकून, घरून आणलेल्या पाटावर बसत. पाट अशासाठी की खुर्ची उंच होते आणि सतरंजीवर बसलं तर ते सभेचे सभासद होतात. सभा सुरू झाली असं मी म्हटलं की ते सदऱ्याच्या खिशातून एक अख्खी सुपारी काढून डाव्या गालात ठेवत. सभा संपेपर्यंत ती तिथंच. समोरचे चार दात तेवढे उरलेले, त्यामुळे ती फुटायची भीती नव्हती. गालात सुपारी असली की चुकूनही तोंडातून शब्द निघत नाही, असा त्यांचा हिशेब. शेवटी मी ठराव वाचून दाखवला की ते सुपारी काढून रुमालात बांधत, चष्मा लावत, आणि सरपंचाच्या सहीखाली आपली सही करत. सहीखाली प्रत्येक वेळी तीन शब्द लिहीत: 'लोकांच्या सल्ल्याने'. शब्द दोनच आहेत, पण ते 'सही' हा शब्दही आधी लिहीत. सही, लोकांच्या सल्ल्याने.

नवा होतो तेव्हा मी त्यांना नियम सांगायला गेलो. म्हटलं, महाराज, प्रोसिडिंग बुकात तुमच्या सहीला कायद्यात काही जागा नाही.

"मले ठाऊक हाये," ते खूश होऊन म्हणाले. "जागा हाये ते सरपंचाची सही. माही सही म्हंजे राजानं मान वाकवली याची पोच. गावाजवळ पोच असू द्या, सचिव साहेब. राजे लोकाईचा काई भरोसा नसते."

पुढं एका तपासणीला आलेल्या साहेबानं ती सही पाहून विचारलं, हे कोण? मी म्हटलं, राजा. साहेब हसला आणि पान उलटलं. नंतर मीही कधी हटकलं नाही. खरं सांगायचं तर गावात त्या सहीशिवाय ठराव झाला असं कोणी मानतच नसे. सरपंचाची सही झाली की लोक बसलेले राहत, राजाची झाली की चपला शोधू लागत.

दसऱ्याला लोक सोनं घेऊन त्यांच्या दारी येत. दार म्हणजे दोन खोल्यांच्या सिमेंटच्या घराचं दार. जुनं मोठं घर त्यांनी कधीच धान खरेदीवाल्या सोसायटीला देऊन टाकलं होतं. बायको गेलेली, मुलगी रायपूरला दिलेली, घरात हे एकटेच. तर दसऱ्याला लोक आपट्याची पानं घेऊन रांगेत उभे, आणि राजे दारात उभे राहून घटनेचं एक कलम वाचणार. ते पूर्ण झाल्याशिवाय पान घेत नसत. कलम मोठं निघालं की म्हाताऱ्या बायांचा जीव कासावीस होई. "वाचा ना जी लवकर," एक बाई ओरडली होती, "घरी भाजी जळून राहिली." राजे थांबले, चष्म्यावरून पाहिलं, म्हणाले, "जा बाई. राजाले सांगून जायाचं, हे बी त्यातच लिवलं असन कुठी." आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं.

त्यांच्या घरात जुन्या वर्तमानपत्रांचा एक गठ्ठा होता. त्यात फक्त राजे-राण्यांच्या बातम्या कापून ठेवलेल्या. कुठं राजा मेला, कुठं नवा बसला, कुठं राणीनं सही करायला नकार दिला. एकदा समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बेटांच्या देशानं इंग्रजांच्या राणीला आपली राणी मानायचं बंद केलं, अशी बातमी आली. उसाच्या शेतावर राबायला जहाजातून धरून नेलेल्या काळ्या माणसांची नातवंडं-पणतवंडं त्या देशात राहतात, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. त्या दिवशी त्यांनी बसथांब्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला गूळ-मुरमुरे वाटले. लोकांना वाटलं, मुलीकडे काही आनंदाचं झालं असेल.

मी चिडवलं. म्हटलं, महाराज, एक राणी गेली आणि राजा गूळ वाटतोय?

ते हसले नाहीत. म्हणाले, "ते लोक राणीवर रागावले नवते, सचिव साहेब. तिच्या नावानं जे कायदे लिवले होते ना, त्यावर रागावले. तिकडं रंग पाहून मानूस चोर ठरवला, इकडं जात पाहून. शाई एकाच दौतीतली. आमच्या माडीवर बी ते दौत होती."

ही दौत काय होती, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच आलं.

गावाबाहेर तलावाच्या पाळीला लागून एक झोपडी होती. तिथं फुलवंता राहायची, तिचा मुलगा आणि सून. त्यांच्या जातीचं नाव मी इथं लिहीत नाही. आमच्याकडे ते नाव लोक शिवीसारखं वापरतात, आणि मीही वापरलेलं आहे. इंग्रजांच्या कायद्यानं ती अख्खी जात जन्मानंच गुन्हेगार ठरवली होती. पोर जन्मलं की गुन्हेगार. फुलवंताच्या सासऱ्याला राजांच्या वडिलांनी गावात आणून बसवलं ते रानडुकरांपासून धान राखायला. पण कायदा कायदा होता. म्हणून त्याला रोज दिवस मावळायच्या आत जमीनदाराच्या माडीवर जाऊन हजेरी द्यावी लागे. एक जाड वही होती. राजांचे वडील नाव पुकारत आणि तो माणूस पायऱ्यांखाली उभा राहून अंगठा उठवी. लहानपणी राजे तिथंच खेळत असत. शाईची दौत धरायचं काम त्यांच्याकडे होतं.

पुढं देश स्वतंत्र झाला आणि तो कायदा रद्द झाला. पण वही माडीवर राहिली. वडील गेल्यावर राजांनी पहिलं काम काय केलं असेल, तर गावाला चौकात बोलावलं आणि ती वही सर्वांसमोर जाळली. फुलवंताचा सासरा तेव्हा जिवंत होता. तो जळत्या कागदांपुढं हात जोडून बसला होता, असं म्हातारे सांगत. राजे ही गोष्ट मला वर्षातून दोनदा तरी सांगत, आणि दर वेळी सांगताना त्यांचा आवाज मोठा होई. आयुष्यात एवढं एकच काम आपण राजासारखं केलं, असं त्यांना वाटायचं.

माझं सातवं वर्ष असेल. फुलवंतानं वनहक्काचा दावा टाकला. तिची झोपडी झुडपी जंगलाच्या जमिनीवर होती, म्हणजे कागदावर ते जंगल आणि ती अतिक्रमणवाली. दावा मंजूर झाला असता तर ती जागा तिची झाली असती. नाही झाला तर तिला कोणीही, कधीही ऊठ म्हणू शकत होतं. तिची जात आदिवासींच्या यादीत नव्हती, म्हणून तीन पिढ्यांच्या वस्तीचा पुरावा लागत होता. आता तीन पिढ्यांचा पुरावा आणायचा कुठून? सासऱ्याच्या नावाचा कागद नाही, सातबारा नाही, शाळेचा दाखला नाही. गावात त्या सासऱ्याचं नाव ज्या एका ठिकाणी रोज लिहिलं जायचं, ती वही राजांनी जाळली होती.

आणि नेमकं त्याच सुमाराला तलावाजवळच्या एका विहिरीवरची पाण्याची मोटर नाहीशी झाली. मोटरचा मालक पोवार, गावातला वजनदार शेतकरी. त्यानं कोणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच पडली नाही. दोन दिवसांत अख्खं गाव तलावाच्या पाळीकडे बघायला लागलं.

सरपंचाला ती जागा हवीच होती. तलावाचं सुशोभीकरण मंजूर झालं होतं, पाळीवर बाकं बसवायची होती, पेव्हर टाकायचे होते. एका सकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सचिव, त्या बुढीचा कागद उभा नाई राहिला पायजे." माझा बदलीचा अर्ज जिल्हा परिषदेत बसणाऱ्या त्याच्या पाहुण्याच्या टेबलावर होता. दोन्ही पोरं गोंदियाला शाळेत, बायको तिथंच, आणि मी दर शनिवारी गाडी पकडून जाणारा. मला ते गाव सोडायचं होतं. एवढंच कारण होतं, त्याहून मोठं काही नाही.

सभेच्या दोन दिवस आधी भर दुपारी राजे पंचायतीत आले. मी डबा उघडून बसलो होतो. ते दारातच उभे राहिले. जेवत असलेल्या माणसाला त्रास द्यायचा नाही म्हणून माझा डबा होईपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहिले. मग आत आले.

"सचिव साहेब, कायद्याचा एक सवाल हाये. राजाले गवाही देता येते का?"

मी विचारलं, कशाची?

"फुलवंताच्या सासऱ्याची. त्यायले बाबानं बसवलं हे पाह्यनारा आता गावात मी एकटाच जिता हावो. बाकी सारे गेले. पन मी सभेत बोललो तं तो हुकूम होईन ना? राजा बोलला का लोक मान डोलावते. मंग तीस-पस्तीस वर्स मी गप बसलो ते कायले?"

आता माझं सांगतो. वनहक्काच्या नियमांचं पुस्तक माझ्या खणात होतं. कागद नसेल तर गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला तरी तो पुरावा म्हणून चालतो, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. आम्हाला प्रशिक्षणात ते दोनदा शिकवलं होतं. सभेत तोंडी बोलायचीसुद्धा गरज नव्हती. तिथल्या तिथं मी एक कोरा कागद घेतला असता, त्यांनी सांगितलं असतं, मी लिहिलं असतं, त्यांनी सही केली असती. दहा मिनिटांचं काम होतं.

मी म्हणालो, "तुमच्याच नियमात बसत नाही, महाराज. तुम्ही बोललात की तो हुकूमच."

असं बोलताना मला आपण फार हुशार आहोत असं वाटलं होतं. खोटं बोललो नव्हतो. त्यांचाच नियम त्यांना सांगितला होता.

राजांनी मान डोलावली. मग म्हणाले, "बरं झालं इचारलं. मी चुकलो असतो." आणि मला हात जोडून गेले.

सभेला कोरम पहिल्याच फटक्यात भरला. एरवी तीन वेळा तहकूब करावी लागे. फुलवंता बायांच्या बाजूला न बसता मागं भिंतीजवळ उभी होती. मुलाला तिनं आणलं नव्हतं. कोणी काही बोललं तर तो हात उगारेल अशी तिला भीती होती. राजे पाटावर, गालात सुपारी. मी दावा वाचला. पुरावा काय, असं सरपंचानं विचारलं. मी म्हटलं, पुरावा जोडलेला नाही.

"आमी इथंच हावो जी," फुलवंता म्हणाली. "माह्या लग्नाच्या आंधीपासून. माहा सासरा इथंच मेला."

"तसं तं कोनीबी मनन," मागून कोणीतरी बोललं. "मोटर बी इथंच होती." काही लोक हसले.

मग फुलवंतानं राजांकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. ती म्हणाली, "राजे, तुमी सांगा ना जी. तुमच्या बाबानं बसवलं का नाई आमाले? तुमी लहान होते, पन पाह्यलं तं असन. एक डाव सांगा."

राजांचा हात तोंडाकडे गेला. बोटं ओठांना टेकली. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हा माणूस कायदा जाणतो, हा सांगेल, असं त्या बघण्यात होतं. मी प्रोसिडिंग बुकावर मान घालून ठराव क्रमांक लिहायला लागलो. क्रमांक मी आधीच लिहिला होता. त्यावरूनच पुन्हा पेन फिरवत राहिलो.

मी वर पाहिलं तेव्हा त्यांचा हात मांडीवर होता.

ठराव झाला: सदर कुटुंब गावचे मूळ रहिवासी असल्याचा पुरावा नाही, दावा अमान्य, अतिक्रमण काढण्यात यावे. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते. सरपंचानं सही केली. राजांनी सुपारी रुमालात बांधली, चष्मा लावला आणि सही केली. खाली लिहिलं, लोकांच्या सल्ल्याने. आपण बरोबर वागलो असंच तेव्हा त्यांना वाटत होतं, आणि तसं वाटायला मीच लावलं होतं.

फुलवंतानं कोणी काढायला यायची वाट पाहिली नाही. तिसऱ्या दिवशी झोपडीवरचे टिनपत्रे बैलगाडीत होते. जाताना ती राजांच्या घरावरून गेली. त्याखेरीज रस्ताच नव्हता. राजे दारात उभे होते. ती थांबली नाही.

दोन आठवड्यांनी मोटर सापडली. मालकाच्या धाकट्या भावानंच ती रिवाइंडिंगला आमगावला टाकली होती. दोघा भावांचं एकमेकांशी बोलणं बंद. विहीर सामाईक, मोटर सामाईक, पण एकानं दुसऱ्याला सांगायचं कसं? म्हणून सांगितलं नाही. मोटर परत विहिरीवर बसली, चालू झाली. गावात कोणी त्याबद्दल फारसं बोललं नाही. तलावाच्या पाळीवर बाकं आली.

मोटर सापडली त्या दिवशी राजे माझ्याकडे आले. "मले लिवून द्यायचं हाये," म्हणाले. "मांगच्या सभेत लिवून घ्या, का राजानं हे पाह्यलं होतं." मी म्हटलं, महाराज, सभा झाली, वही बंद झाली, कागद तालुक्याला गेले. वरच्या समितीकडे अपील करता येतं, पण ते तिनं करायला हवं, आणि त्याला मुदत असते. आणि ती कुठं आहे ते कोणाला माहीत नाही. हे सगळं खरं होतं. आता खरं सांगायला मला काहीच अडचण नव्हती.

पुढच्या ग्रामसभेला ते पाट न घेता आले. सतरंजीवर, लोकांच्या मधोमध बसले. सुपारी काढली नाही. आणि मी सभा सुरू करताच उठून उभे राहिले. लोक थक्क झाले. काही म्हातारे तर हात जोडून उभे राहिले, त्यांना राजांनी खाली बसवलं. मग ते बोलले. दौत, वही, पायऱ्या, अंगठा, डुकरं, चौकातली होळी, सगळं. एवढ्या वर्षांत न वापरलेला त्यांचा आवाज मध्येच फुटत होता. शेवटी म्हणाले, "गावानं चूक केली. मी बी केली. ठराव फिरवा."

सरपंच वाईट माणूस नव्हता, निदान त्या दिवशी तरी त्यानं नम्रपणे उत्तर दिलं. "राजे, तुमचं खरं असन. पन तुमीच आमाले शिकवलं ना जी, का राजाचं मननं ते राजाचं, गावाचं मननं ते गावाचं? ठराव गावाचा हाये. त्यावर तुमची सही हाये."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुचेष्टेनं नाही. राजा पहिल्यांदा बोलला, छान बोलला, म्हणून वाजवल्या. मग पुढचा विषय निघाला, पाण्याच्या टाकीचा. राजे थोडा वेळ उभेच होते. कोणीतरी त्यांचा सदरा ओढून त्यांना खाली बसवलं.

त्यानंतर राजे बोलायलाच लागले. थांबेचनात. प्रत्येक सभेत, प्रत्येक विषयावर. टाकीवर बोलत, रोजगार हमीवर बोलत, अंगणवाडीच्या खिचडीवर बोलत, आणि कुठूनही सुरू केलं तरी फुलवंतावर येऊन ठेपत. पहिल्यांदा लोकांनी ऐकलं, मग सहन केलं, मग ते उठले की तरुण पोट्टे पान खायला बाहेर जायला लागले. सही करणं त्यांनी बंद केलं होतं. गंमत म्हणजे कोणाच्या लक्षातही आलं नाही. सरपंचाची सही झाली की लोक चपला शोधू लागले.

माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहेत गोंडांची जत्रा भरते. ते दरवर्षी जात. राजा म्हणून नाही, इतरांसारखे पायी, गर्दीत ढकलाढकली खात. त्या वर्षी त्यांनी मला सोबत नेलं. पाय दुखतात, कोणीतरी हवं, म्हणाले. गुहेकडे चढायच्या वाटेवर दुकानं लागलेली. एका बाजूला, झाडाखाली, जमिनीवर पोतं टाकून फुलवंता बसली होती. पुढं जडीबुटी, माळा, कसलीशी मुळं. मला वाटलं, योगायोग. नंतर लक्षात आलं की राजे तिलाच शोधत आले होते. कोणाकडून तरी त्यांनी खबर काढली होती.

ते तिच्यापुढं उकिडवे बसले. म्हणाले, "फुलवंता, चाल. मी सभेत बोललो. आता रोज बोलून राहिलो. मी अपील लिवून देतो, गवाही देतो. वापस चाल."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या अनोळखी म्हाताऱ्याकडे पाहावं तसं.

"कुठी येऊ जी?" ती म्हणाली. "तिथं तं आता बाकं हायेत मनते. आमी तिकडं डोंगरगडकडं बसलो. पोरगा कामाले जाते. सून पोटूशी हाये."

"पन मी आता बोलून राहिलो ना."

"आता कायले बोलता राजे? मी इचारलं तवा बोलाचं होतं." तिनं एक माळ उचलली, गुंता सोडवला, परत ठेवली. "माहा सासरा मने, राजानं वही जाळली, आमी सुटलो. मरेपर्यंत मने. मी आता मनतो, ते वही राहू द्याची होती. अंगठा तं होता त्याचा तिच्यात. नेऊन दाखोली असती साहेबाले."

राजे उठायला गेले. त्यांना उठता येईना. मी काखेत हात घालून उठवलं. ते गुहेपर्यंत गेलेच नाहीत. आम्ही अर्ध्या वाटेवरूनच परत फिरलो.

दरेकशाच्या स्टेशनवर गाडीला वेळ होता. फलाटावर जत्रेची माणसं, पोरं, पिवळे झेंडे. राजे बाकावर बसले होते. माझ्या बदलीची ऑर्डर तेव्हा आली होती. पुढच्या महिन्यात मी गोंदियाला जाणार होतो. ते मी त्यांना सांगितलं. चांगलं झालं, पोरांजवळ राहाल, म्हणाले. मग रुळांकडे बघत त्यांनी विचारलं,

"सचिव साहेब, मी सालेकशाले एका वकिलाले इचारलं. तो मने, बुढ्या मानसाचा जबाब लिवून घेता येते, सभेत बोलाची गरज नाई. नियमातच हाये मने. हे तुमाले ठाऊक नवतं ना?"

समोरून मालगाडी जात होती. ती पूर्ण जाईपर्यंत मला वेळ मिळाला. एवढा वेळ खरं बोलायला पुरेसा होता.

"नाही महाराज," मी म्हणालो. "मला ठाऊक नव्हतं."

त्यांनी मान हलवली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मंग तुमचा दोस नाई," म्हणाले. "तुमी कायले मनाले लावून घेता? मीच बोलाले पायजे होतं."

पुढच्या पावसाळ्यात ते वारले. मला निरोप उशिरा मिळाला. त्या फलाटावर त्यांनी सगळा दोष एकट्यानं आपल्या अंगावर घेतला होता, आणि मी तो घेऊ दिला.